डब्यातील नाणी, जमिनीतील नाणी

नातवंडांच्या मोबाईलवर तुम्ही हे दृश्य कधीतरी पाहिले असेल. परदेशातील एखादे रान, खाली ओल्या पानांचा थर, आणि लांब दांड्याला चकती लावलेले धातुशोधक यंत्र जमिनीलगत फिरवीत सावकाश चालणारा एक वयस्क गृहस्थ. यंत्र वाजते, गृहस्थ गुडघे टेकून बसतो, हाताने माती बाजूला सारतो आणि शेकडो वर्षांपूर्वीचे नाणे तळहातावर घेऊन लहान मुलासारखा हसतो. हे पाहून नातू विचारतो, “आजोबा, आपणही असे यंत्र घेऊन बोरिवलीच्या जंगलात जाऊया का?”

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु तेवढे सांगून थांबू नये, असे एक डॉक्टर म्हणून मला वाटते. त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर नातवाने जे सुख पाहिले, ते उतारवयातील प्रकृतीला हितकर असते. पायांना चाल मिळते, डोळ्यांना काम मिळते, मनाला उत्सुकता लाभते आणि सापडलेली वस्तू दाखविण्यासाठी कोणीतरी जवळ असते. हे सारे जमीन न खणताही मिळू शकते. कपाटाच्या तळाशी जुन्या नाण्यांचा एखादा डबा किंवा पुरचुंडी आपल्याकडच्या बहुतेक घरांत असतेच. त्या डब्याचे गुण कोणते आणि त्याच्यापायी होणारे अपाय कोणते, हे ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी जाणून घ्यावे, यासाठी हा लेख.

आपल्या पायांखालची साष्टी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली उपनगरे ज्या बेटावर वसली, त्याचे जुने नाव साष्टी. येथे राज्ये आली आणि गेली, आणि प्रत्येकाने आपली नाणी मागे ठेवली. सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची छोटी नाणी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिळाली, तशी ती मुंबई आणि साष्टी बेटांवरही मिळाली आहेत. त्यांच्या एका बाजूस राजाचा मुखवटा असतो, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी आणि त्याच्याभोवती लेख. त्यानंतर कित्येक शतकांनी, १५३४ मध्ये, हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. नातवाच्या मनातील कुतूहल म्हणूनच अगदी निराधार नाही.

माझ्याच व्यवसायातील दोन पूर्वसूरींना हे कुतूहल होते. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. दिवसभर रुग्ण तपासणारा हा वैद्य प्राचीन शिलालेख आणि नाणी यांचाही व्यासंगी होता. त्यांच्यानंतरचे डॉ. जेर्सन द कुन्हा मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे. इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरचे त्यांचे लेखन आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. वैद्यक आणि नाणेशास्त्र यांच्यात एक साम्य आहे. दोन्हींत लहानशा खुणेवरून मोठा इतिहास ओळखावा लागतो.

नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती ती. मूळची क्षत्रप राजा नहपान याची, पण त्यांतील निम्म्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. कोणी कोणाचे राज्य जिंकले, हे त्या नाण्यांनी साक्षीदारासारखे सांगितले. सारा ठेवा एकत्र हाती आला आणि त्याची नोंद झाली, म्हणूनच ती साक्ष मिळाली. तीच नाणी एकेक करून कोणी खिशात घातली असती, तर उरली असती केवळ चांदी. रक्ताच्या अहवालावर रुग्णाचे नाव आणि तारीख नसेल तर तो कागद आम्हा डॉक्टरांच्या कामाचा राहत नाही. कोठून निघाले हे ठाऊक नसलेल्या नाण्याचेही तसेच होते.

‘नाही’ का म्हणायचे?

बोरिवलीचे जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तेथे खणणे किंवा तेथील वस्तू उचलून नेणे वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याला धरून नाही. उद्यानातील कान्हेरीची लेणी संरक्षित स्मारक आहेत आणि त्यांच्या परिसरात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. मुलुंडच्या बाजूने गेलात, तरी जंगल तेच आणि नियमही तेच.

जंगलाबाहेर, स्वतःच्या गावच्या जागेत पाया खणताना किंवा झाड लावताना नाणी सापडली, तर काय करावे? त्यासाठी १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, किती, कोठे आणि कोणत्या दिवशी, एवढे त्यात लिहावयाचे. कळविणाऱ्याचा हक्क कायदा मान्य करतो आणि त्याचा वाटा ठरवून देतो. लपविणारा मात्र तो वाटा गमावतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. गावाकडचे वडिलोपार्जित घर पाडून नवे बांधण्याचा बेत अनेक कुटुंबांत असतो. त्यांनी हा नियम लक्षात ठेवावा.

परदेशातही खरा मान मिळतो तो कळविणाऱ्यालाच. इंग्लंडमधील सफोक परगण्यात हॉक्स्नी नावाचे खेडे आहे. तेथे १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज नावाचे निवृत्त माळी आपल्या शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी धातुशोधक यंत्राने शोधीत होते. यंत्र वाजले आणि मातीतून रोमन काळातील सोन्याचांदीची नाणी निघू लागली. लॉज यांनी थोडे खणले आणि थांबले. त्यांनी पोलीस आणि पुरातत्त्व विभागाला बोलावले. तज्ज्ञांनी सुमारे पंधरा हजार नाणी आणि इतर ऐवज जागच्या जागी नोंदवून बाहेर काढला. आज हा ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्या संग्रहालयाने ती हातोडीही जपून ठेवली आहे. लॉज यांना मोठे बक्षीस मिळाले आणि त्यांनी ते त्या मित्राबरोबर वाटून घेतले. नातवाला ही गोष्ट जरूर सांगा. निवृत्तीनंतरच्या आयुष्यातील एका शहाण्या माणसाची ती गोष्ट आहे.

आरोग्याच्या दृष्टीनेही रानात खणणे आपल्या हवेत बरे नाही. वाकून खणणे आणि झटकन उठणे, हे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला भोवळ आणणारे असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. पालापाचोळ्यात किंवा बिळात हात घालणे हे त्यांना आमंत्रणच होय. पावसाळ्यात चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. गंजलेला खिळा हाताला लागला, तर धनुर्वाताच्या लसीची आठवण होते, आणि शेवटचा डोस केव्हा घेतला होता हे सहसा कोणालाच आठवत नाही. बागकाम करणाऱ्या ज्येष्ठांनीही ही गोष्ट आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावी.

रोजच्या वाटेवरचे धातुशोधक

तुमची आणि धातुशोधक यंत्राची गाठ रानात नाही, तरी शहरात रोज पडते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या प्रत्येक स्थानकाच्या दाराशी सुरक्षेची चौकट असते. मॉलमध्ये असते, मोठ्या देवळांतही असते. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे, ते या चौकटीपाशी बिचकतात. काही जण तर त्या भीतीने मेट्रोचा प्रवासच टाळतात.

ही भीती अनाठायी आहे. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चौकटीतून नेहमीच्या चालीने सरळ निघून जावे. तिच्यात रेंगाळू नये आणि तिला टेकून उभे राहू नये. हातात धरून फिरविण्याचे यंत्र पेसमेकरच्या जागेवर धरून ठेवू देऊ नये. पेसमेकरचे ओळखपत्र पाकिटात ठेवावे आणि सुरक्षा कर्मचाऱ्याला आधीच दाखवावे. ते पाहून कर्मचारी हाताने तपासणी करू शकतात. कृत्रिम गुडघा किंवा खुबा बसविलेला असेल तर चौकट वाजू शकते. त्यात धोका कसलाच नाही. फक्त मागे रांग लागली म्हणून घाईने वळताना तोल जाऊ देऊ नका.

डबा उघडताना

आता कपाटातील डब्याकडे वळू. ज्यांनी आज पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या बालपणी हिशेब रुपये, आणे, पै यांत चाले. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा आणि तीन पैंचा पैसा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि ‘नवा पैसा’ चलनात आला. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, हे कोष्टक त्या पिढीने पाठ केले होते. १९६४ मध्ये ‘नवा’ हा शब्द गळून पडला. पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. नाणी गेली, पण भाषेतून ती गेलेली नाहीत. आपण अजूनही पै-पै जोडतो, सोळा आणे खरे बोलतो, एखाद्याला दमडीची किंमत देत नाही आणि आपलेच नाणे खोटे निघाले म्हणून गप्प बसतो.

घरातील वृद्ध व्यक्तीची अलीकडची स्मृती जेव्हा क्षीण होऊ लागते, तेव्हा जुन्या आठवणी पुष्कळदा शाबूत असतात. सकाळी काय खाल्ले ते सांगता येत नाही, परंतु भोकाचा पैसा हातात ठेवला की त्या पैशांची माळ दोऱ्यात कशी ओवीत असत, ते सांगता येते. हा पैसा १९४३ पासून पुढे काही वर्षे पाडला जात होता. जुन्या वस्तू, छायाचित्रे, गाणी यांच्या साहाय्याने आठवणींना बोलते करण्याच्या या पद्धतीला स्मरणोपचार म्हणतात. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये एक निबंध लिहिला. म्हातारी माणसे मागचे बोलत बसतात, ते भरकटणे नसून आयुष्याचा आढावा घेण्याची मनाची स्वाभाविक धडपड असते, असे त्यांनी त्यात मांडले. तेथून या विचाराला चालना मिळाली. हा उपचार स्मृतिभ्रंश बरा करीत नाही, आणि त्याचे लाभ माफक असतात, हे मी स्पष्ट सांगतो. पण संध्याकाळची ती वीस मिनिटे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही सुखाची जातात. त्या औषधाला खर्च नाही, आणि नीट दिले तर अपायही सहसा नाही.

नीट देणे म्हणजे कसे? काळजी वाहणाऱ्यांनी परीक्षा घेऊ नये. “हे कोणत्या सालचे, सांगा बघू,” असे विचारले की उत्तर न आल्यावर माणूस ओशाळतो. त्यापेक्षा “आजी, एवढ्या पैशांत तेव्हा काय काय यायचे?” किंवा “बाबा, तुमचा पहिला पगार हातात पडला तेव्हा सगळ्यात आधी काय घेतलेत?” असे विचारावे. एका वेळी दोन-चारच नाणी काढावीत. सांगताना साल चुकले, गाव चुकले, तरी दुरुस्त करू नये. एखादी आठवण दुःखाची निघाली तर हात हातात घ्यावा, थोडे ऐकावे आणि हलकेच विषय बदलावा. जे सांगितले जाईल ते नातवंडांनी एका वहीत लिहून ठेवावे. नाण्याचा उगम नोंदविला तरच त्याचे मोल राहते, हे आपण वर पाहिले. तुमच्या घरच्या नाण्यांचा उगम फक्त तुमच्या आजीला ठाऊक आहे.

बोटांचे डोळे

मज्जासंस्था तपासताना आम्ही रुग्णाला डोळे मिटायला सांगतो आणि त्याच्या हातात नाणे किंवा किल्ली ठेवतो. नुसत्या स्पर्शाने वस्तू ओळखणे हे बोटांच्या नसा आणि मेंदू या दोघांचे संयुक्त काम आहे. घरी हाच खेळ गंमत म्हणून खेळता येतो. एका वाटीत चलनातील निरनिराळी नाणी घ्यावीत आणि डोळे मिटून एक-दोन-पाच-दहा ओळखावीत. २०१९ मध्ये आलेल्या नाण्यांच्या मालिकेत दृष्टिहीनांच्या सोयीसाठी किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढत जाते, आणि वीस रुपयांचे नाणे बाराकोनी आहे. बोटांत नाणे फिरविणे हा संधिवाताने आखडलेल्या बोटांनाही सौम्य व्यायाम होतो. बोटे सुजलेली किंवा दुखरी असतील त्या दिवशी मात्र त्यांना विश्रांती द्यावी.

खेळातून रोगनिदान करू नका. पण काही खुणा दिसल्या तर दुर्लक्षही करू नका. एका हाताची पकड किंवा संवेदना अचानक गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोन्ही हातांना हळूहळू बधिरता येत असेल, तर मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी करावी. आणि जन्मभर चोख हिशेब ठेवणारी व्यक्ती भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेताना वारंवार गोंधळू लागली, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. पैशांच्या व्यवहारातील असा गोंधळ ही स्मृतिभ्रंशाची आरंभीची खूण असू शकते. मोतीबिंदू, थायरॉईड किंवा बी-१२ यांच्यासारखे, उपचाराने सुधारणारे कारणही त्यामागे असू शकते.

चकाकी नको, सावधगिरी हवी

डबा उघडला की पुष्कळांना नाणी घासण्याची ऊर्मी येते. चिंच, लिंबू, तांब्या-पितळेची पावडर, एवढ्याने भागले नाही तर सराफी तेजाब. असे करू नका. जुन्या नाण्यावर चढलेला काळपट थर हे त्याचे संरक्षण असते आणि घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात. तेजाबाची वाफ तर दमेकऱ्याच्या छातीला थेट अपाय करते. आम्लयुक्त शौचालय-सफाईचे द्रव आणि ब्लीच एकत्र केल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो. हे मिश्रण कोणत्याही कारणाने करू नये. नाणी कडेने धरावीत, कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपावी, कागदी पाकिटांत ठेवावीत आणि हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

लहान मूल घरात असेल तर नाणी मोजून काढावीत आणि मोजून परत ठेवावीत. मुलाने नाणे गिळले असे वाटले, तर ते खाली ढकलण्यासाठी केळे किंवा भात भरवू नये आणि घशात बोटे घालून उलटी करवू नये. तडक रुग्णालयात न्यावे. नाणे कोठे आहे हे एक्स-रेवरून कळते. जठरात उतरलेले नाणे बहुधा आपोआप बाहेर पडते, पण अन्ननलिकेत अडकलेले काढावे लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रिमोट, खेळणी आणि श्रवणयंत्रे यांतील गोल चपटी बॅटरी नाण्यासारखीच दिसते, आणि अन्ननलिकेत अडकल्यास ती दोन तासांच्या आत गंभीर जखम करू शकते. आजोबांच्या श्रवणयंत्राची जुनी बॅटरी नाण्यांच्या डब्यात कधीही टाकू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीही कधी कधी वस्तू तोंडात घालतात. त्यांच्यासमोर डबा ठेवून उठून जाऊ नये.

सर्वांत मोठा अपाय

आतापर्यंत सांगितलेल्या साऱ्यांहून मोठा अपाय मात्र डब्यात नसतो, तो फोनवरून येतो. देवीचे चित्र असलेले दहा रुपयांचे नाणे लाखो रुपयांना विकले जाते, विशिष्ट आकडे असलेल्या नोटेला अमुक किंमत येते, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील.

मुलुंडचे एक निवृत्त लिपिक माझ्याकडे अनेक वर्षे रक्तदाबासाठी येतात. पत्नीच्या निधनानंतर ते दुपारचे घरी एकटेच असत. एका तपासणीत त्यांचा रक्तदाब फार वाढलेला आढळला. झोप नव्हती, वजनही उतरले होते. गोळ्या नियमित चालू आहेत, असे ते सांगत होते. सून बाहेर गेल्यावर त्यांनी हळू आवाजात खरे काय ते सांगितले. अशीच एक जाहिरात पाहून त्यांनी डब्यातील नाण्याचे छायाचित्र पाठवले होते. समोरचा माणूस अदबीने बोले, रोज फोन करी, प्रकृतीची चौकशी करी. आधी नोंदणीचे शुल्क, मग कर, मग रक्कम ‘सोडविण्याचा’ खर्च, असे करता करता दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढे पैसे गेले. ती तूट कोणाला कळू नये म्हणून हे गृहस्थ रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होते.

मला त्यांच्या फसवणुकीहून त्या गोळीची चिंता अधिक वाटली. पैसे जातात, पण लाजेपायी माणूस जो मुका होतो, त्यात त्याचा जीवही जाऊ शकतो. मी त्यांच्या संमतीने सुनेला आत बोलावले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “बाबा, तुम्ही आधी गोळी घ्या, बाकीचे आपण पाहू.” माझ्या औषधचिठ्ठीपेक्षा ते वाक्य गुणकारी ठरले. त्यांनी तक्रार नोंदवली. पैसे सगळे परत आले नाहीत. रक्तदाब मात्र महिन्याभरात ताळ्यावर आला. दुपारी आता नात शाळेतून आली की दोघे मिळून डबा उघडतात.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांत काही लोक बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क किंवा कर मागतात. बँक स्वतः असे व्यवहार करीत नाही आणि असे शुल्क कधीही घेत नाही. म्हणून एकच नियम पाठ ठेवावा. विकणाऱ्याकडूनच जो आधी पैसे मागतो, तो ग्राहक नव्हे. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबविता येण्याची शक्यता अधिक. मन मोकळे करण्यासाठी किंवा मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांकरिता १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

काळजी वाहणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, “एवढे कसे कळले नाही तुम्हाला?” हे वाक्य उच्चारू नका. भामट्याने बुद्धी लुटलेली नसते. घरात कोणी बोलायला नसते, त्या रिकाम्या जागेतून तो आत शिरलेला असतो. तो रोज विचारपूस करीत होता, हे विसरू नका.

शोधाचा आनंद, खणण्यावाचून

तर मग नातवाला काय सांगायचे? यंत्राऐवजी एक भिंग आणा. नाण्यावरील सालाखाली पाहा. तेथे हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणे आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले आहे. तारा असेल तर हैदराबादचे, बारीक ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. लोहचुंबक लावून पाहा. तांबे, चांदी आणि ॲल्युमिनियम चिकटणार नाहीत, पण १९४७ चा निकेलचा रुपया चिकटेल. आजोबांना पेसमेकर असेल, तर चुंबक त्यांच्या छातीपासून दूरच राहू द्या.

जंगलात जा, पण चालण्यासाठी. हिवाळ्याच्या सकाळी, सपाट तळव्यांच्या न घसरणाऱ्या पादत्राणांनी, पाण्याची बाटली आणि नेहमीची औषधे जवळ ठेवून, सोबत घेऊन. गुडघे साथ देत असतील तर कान्हेरीच्या पायऱ्या थांबत थांबत चढा. चढताना छातीत दडपण किंवा नेहमीहून अधिक धाप जाणवली, तर तेथेच बसा आणि परत फिरा. नाणी पाहायची असतील तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांचा संग्रह आहे. नाशिककडे जाणे झाल्यास अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी आणि चाकाच्या खुर्चीची सोय आहे का, तेही विचारावे.

साष्टीत सापडलेल्या कृष्णराजाच्या चांदीच्या नाण्याचा उल्लेख वर केला. नंदीभोवतीच्या लेखात राजाने आपल्या नावाआधी दोनच विशेषणे घातली आहेत. तो स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शिवाचा परमभक्त म्हणवतो, आणि ‘मातापितृपादानुध्यात’, म्हणजे आईवडिलांच्या चरणांचे चिंतन करणारा. विशेषणे त्या काळच्या प्रथेप्रमाणेच आहेत. तरीही चौदाशे वर्षांपूर्वी आपल्या या बेटावर हातोहात फिरणाऱ्या नाण्यावर आईवडिलांचा उल्लेख होता, एवढे नातवाला जरूर सांगा. मग डबा उघडा आणि त्यातील एक नाणे आजीच्या तळहातावर ठेवा.